मुक्या जिवाचा घास : सोपाऱ्याच्या शिलालेखापासून परळच्या बैलघोड्यापर्यंत

"आधी माणसाचं बघा, मग कुत्र्या-मांजराचं." हे वाक्य आपल्या वस्तीत नेहमी ऐकू येते. बोलणारा वाईट मनाने बोलतो असे नाही. ज्या समाजाला शतकानुशतके जनावराच्याही खाली ठेवले, त्या समाजातल्या माणसाने हा प्रश्न विचारावा हे साहजिकच आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, कुत्री पाणी पीत. आपल्या माणसाने ओंजळ भरली की मात्र तळे बाटत असे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ती ओंजळ भरली. त्याच महाड परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना बजावले की, मेलेल्या जनावराचे मांस सोडा आणि उष्ट्या-शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरणे बंद करा. असा इतिहास पाठीशी असलेल्या माणसाला कोणी भूतदयेचे धडे देऊ लागले, तर त्याच्या कपाळाला आठी पडणारच.

परंतु बंधू-भगिनींनो, इतिहास नीट चाळला तर वेगळी गोष्ट दिसते. माणूस आणि मुका प्राणी हे एकाच ताटावर भांडणारे दोन पक्ष नाहीत. ज्याच्या हाती सत्ता आहे तो आपल्यावर अवलंबून असलेल्याशी कसा वागतो, हा खरा प्रश्न आहे. मग तो अवलंबून असलेला कामगार असो, बैल असो की दारातले कुत्रे असो.

सोपाऱ्याचा दगड

हा विचार आपल्याला दूर कुठे शोधायला नको. चर्चगेटहून विरारची गाडी पकडली की नालासोपारा लागते. हेच प्राचीन शूर्पारक बंदर. इथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. यावरून अशोकाच्या चौदा शिलालेखांचा संच या बंदरात कोरलेला होता, असे अभ्यासक मानतात.

हा नववा लेख काय सांगतो? लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे विधी करतात. त्यांचे फळ थोडेच. खरा मंगल विधी धम्माचा. त्यात दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे येते, गुरुजनांचा आदर येतो, प्राण्यांविषयी संयम येतो आणि श्रमण-ब्राह्मणांना दान येते. नोकर आणि प्राणी एकाच यादीत आहेत, हे लक्षात घ्या. "आधी हे, मग ते" असा प्रकार तिथे नाही.

दुसरा शिलालेख तर त्याहून पुढे जातो. माणसांसाठी आणि पशूंसाठी, अशी दोन प्रकारची चिकित्सा आपण सुरू केली, असे अशोक त्यात सांगतो. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या. रस्त्यांवर विहिरी खोदल्या, झाडे लावली. तीही माणसे आणि पशू या दोघांच्या उपयोगासाठी. "मारू नका" एवढे सांगून राजा मोकळा झाला नाही. औषध, पाणी, सावली यांची व्यवस्था त्याने लावून दिली. दया ही मनातली गोष्ट आहे, व्यवस्था मात्र हाताने करावी लागते.

राजवाड्यातली कुत्री आणि रस्त्यावरची कुत्री

जातककथांमध्ये कुक्कुर जातक नावाची कथा आहे. राजाच्या रथाचे चामडे रात्री पावसात भिजले आणि कुत्र्यांनी ते कुरतडले. राजाने हुकूम सोडला की, राजवाड्यातली जातिवंत कुत्री सोडून शहरातली सगळी कुत्री मारा. तेव्हा बोधिसत्त्व कुत्र्यांचा पुढारी होता. तो थेट दरबारात गेला आणि राजाला म्हणाला, चौकशी न करता गरिबांना मारणे हा न्याय नव्हे. मग राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकात गवत कालवून दिले, तर त्यांच्याच पोटातून चामड्याचे तुकडे बाहेर पडले! राजाने हुकूम मागे घेतला. एवढेच नाही, तर आपण जेवतो तसे अन्न कुत्र्यांना रोज मिळावे अशी तजवीज केली.

अपराध वाड्यातल्यांचा आणि शिक्षा रस्त्यावरच्यांना, हा अनुभव आपल्याला काही नवा नाही. पण या कथेचा शेवटही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्राणदान दिले आणि काम संपले, असे राजाने मानले नाही. त्याने अन्नाचीही सोय केली, आणि तेही उष्टे-खरकटे नव्हे.

१८३२ चा मुंबईचा दंगा

या कथेसारखाच प्रकार आपल्या मुंबईत खरोखर घडला. इंग्रज सरकारने ठरावीक महिन्यांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम केला होता. १८३२ साली ही मुदत वाढवली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले. आठ आणे म्हणजे त्या काळी मोठी रक्कम. बक्षिसाच्या लोभाने शिपाई लोकांच्या घरादारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी लोक शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली. त्या हरताळात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही सामील झाले. कुलाब्याच्या लष्कराकडे जाणारी रसद अडली. शेवटी फौज बोलवावी लागली.

पारशी बांधव कुत्र्यासाठी एवढे का पेटले? त्यांच्या धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथात कुत्र्याला वाईट अन्न घालणे हा अपराध सांगितला आहे. मेंढरे राखणाऱ्या कुत्र्याला खराब अन्न देणे म्हणजे घरच्या कर्त्या माणसाला खराब अन्न वाढण्याइतके पाप, असा तिथला हिशेब. कुत्र्याला काय द्यावे हेही त्यात आले आहे : दूध, चरबी आणि मांस. जेवताना कुत्र्यासाठी घास बाजूला काढून ठेवण्याची रीतही पारशी घरांत होती.

सरकारची भीती अगदीच खोटी होती असे मात्र नाही. पिसाळलेले कुत्रे चावले तर त्या काळी उपाय नव्हता. लुई पाश्चरने माणसाला रेबीजची लस पहिल्यांदा टोचली ती १८८५ साली. पण भीती खरी असली म्हणून उपाय बरोबर ठरत नाही. दंग्यानंतर कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याचा मार्ग निघाला. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. आज भुलेश्वरला गेले की तिथे गाई दिसतात, परंतु तिच्या स्थापनेमागचे कारण रस्त्यावरची कुत्री होती, हे फार थोड्यांना माहीत आहे.

बैलघोडा आणि गिरणी कामगार

आता आपल्या गिरणगावाकडे येऊ. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्थाही स्थापन झाली. मालाची ने-आण बैलांवर आणि माणसांची घोड्यांवर. चाबकाचे वळ, मानेवरच्या जखमा, मोडलेले पाय हे रस्त्यावर रोजचेच होते. या जनावरांसाठी गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८३ साली परळला दवाखाना सुरू करण्यात आला. त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव दिले. हे लांबलचक नाव कामगाराच्या जिभेवर काही बसले नाही. त्याने सरळ "बैलघोडा हॉस्पिटल" म्हणायला सुरुवात केली, आणि आजही परळला उतरून बैलघोडा कुठे विचारले की कोणीही रस्ता दाखवतो.

आता दुसरी तारीख बघा. सप्टेंबर १८८४. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार वेळेवर द्या, कामावर जायबंदी झालेल्याला मदत द्या, या त्यातल्या मागण्या. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. नुकसानभरपाईचा कायदा तर १९२३ सालचा.

म्हणजे त्या काळच्या परळमध्ये पाय मोडलेल्या बैलाला दवाखाना होता आणि साच्यात हात गेलेल्या कामगाराला काहीच नव्हते. हे वाचून कोणाच्याही मनात संताप येईल. यायलाच हवा. पण लोखंड्यांच्या मागण्या नीट पाहा. बैलाचा दवाखाना बंद करा, अशी मागणी त्यात नाही. त्यांनी कामगाराचा हक्क मागितला. बैलाच्या तोंडचा घास काढल्याने कामगाराचे पोट भरत नाही, उलट दोघांचीही मान एकाच जुवाखाली असते. मालकांनी नवव्या शिलालेखातले प्राणी उचलले आणि नोकर सोडून दिले, हा त्यांचा दोष. आपण नोकर धरून प्राणी सोडले, तर आपणही लेख अर्धाच वाचला असे होईल.

राजगृहातला टॉबी

बाबासाहेबांचा राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा एक कौटुंबिक फोटो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद. आपण एवढी नावे घेतो आणि थांबतो. त्या फोटोत आणखी एक जण आहे, बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबी. ज्या महापुरुषाने आपल्या माणसांना कुत्र्या-मांजरापेक्षा हीन वागवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध आयुष्यभर लढा दिला, त्याने त्याचा राग कुत्र्यावर काढला नाही. कुत्र्याला घरात, कुटुंबाच्या फोटोत जागा दिली.

घास कसा असावा

आता व्यवहाराचे बोलू. बाजारात मिळणारे कुत्र्यांचे खाणे आले कधी? जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने इंग्लंडमध्ये १८६० च्या सुमारास कुत्र्यांची बिस्किटे विकायला काढली. म्हणजे हा सारा खटाटोप जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा. त्याआधी हजारो वर्षे कुत्रा माणसाच्या चुलीवरचेच खात आला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय संशोधनात दिसले की, पिष्टमय अन्न पचवण्याची ताकद लांडग्यापेक्षा कुत्र्यात जास्त आहे. भात-भाकरीने त्याला आपल्या दाराशी बांधले ते असे. तेव्हा महागडे पुडे परवडत नाहीत म्हणून कोणी मन छोटे करू नये.

पण घरचे अन्न म्हणजे उरलेले अन्न नव्हे. काल रात्रीचे आंबलेले, बुरशी धरलेले, तिखट-मिठाचे कालवण कुत्र्यापुढे ओतायचे आणि "पुण्य केलं" म्हणायचे, हे बरोबर नाही. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्ताला घातक आहे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका कुत्र्याला विषासारखी. शिजवलेले हाड फुटून त्याचे टोकदार तुकडे आतडे फाडतात. मऊ भात किंवा भाकरी, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी किंवा कलेजी-पेटा, कधी अंडे, थोडा लाल भोपळा किंवा गाजर, आणि शेजारी स्वच्छ पाण्याचे भांडे, एवढे साधे असले तरी चालते. मात्र रोज नुसते दूध-भात घातले तर पिल्लांची हाडे कच्ची राहतात. कॅल्शियम किती द्यायचे ते प्राण्यांच्या डॉक्टरला विचारावे.

मांजराची गोष्ट वेगळी. दूध-पोळीवर मांजर जगते हा आपला गैरसमज. त्याला टॉरिन नावाचे द्रव्य लागते आणि ते मांस-मासळीतूनच मिळते. ते कमी पडले की मांजराची दृष्टी जाते. हृदयही निकामी होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. पुष्कळ मोठ्या मांजरांना तर दूध पचतही नाही.

कायदा आणि वस्ती

स्वतंत्र भारतात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने कलम ५१ क मध्ये सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. मुंबई महापालिकेने १९९० नंतरच्या दशकात कुत्री मारणे थांबवून नसबंदीची वाट धरली. २००१ आणि २०२३ च्या नियमांनी नसबंदी व लसीकरण हाच मार्ग देशभर सांगितला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळून बाकीची नसबंदी आणि लसीकरणानंतर त्यांच्या जागी सोडण्यास सांगितले. पण खाणे ठरवून दिलेल्या जागीच घालावे, वाटेल तिथे रस्त्यावर नव्हे, असेही बजावले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवण्यास सांगितले.

हा वाद अजून मिटलेला नाही, आणि चावा खाल्लेल्या पोराच्या आईचे दुःख खोटे नाही. रात्रपाळी सुटल्यावर गल्लीच्या तोंडाशी कुत्र्यांच्या टोळीने अडवले की काय वाटते, हे गिरणी कामगाराला सांगायला नको. म्हणून वस्तीने मिळून काही गोष्टी ठरवाव्यात. खाणे घालण्याची जागा एक असावी, वेळ एक असावी. जिन्यात आणि नळापाशी घालू नये. ज्या कुत्र्याला आपण खाऊ घालतो त्याची नसबंदी आणि दरवर्षीची लस झाली की नाही, हे खाऊ घालणाऱ्याने पाहावे. कुत्रे चावले तर जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना, मंत्र-तंत्र यात वेळ घालवला तर जीव जातो.

उष्ट्याचे दुःख काय असते, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. ते आपण नाकारले, म्हणून आज मान वर करून जगतो. मग आपल्या उंबऱ्याशी बसलेल्या, तोंडाने मागू न शकणाऱ्या जिवापुढे आंबलेले अन्न टाकताना आपला हात थांबायला हवा. मूठभर द्या, पण ताजे द्या.