फितीचा क्रम
जुन्या जर्मन गणवेशावर पुष्कळदा पदक नसते. दुसऱ्या काजातून ओवलेली फीत तेवढी उरते. ती ओळखावयाची ती रंगांच्या क्रमावरून. १८१३ साली प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याने आयर्न क्रॉस सुरू केला, तेव्हा लढणाऱ्यांची फीत काळी, पांढऱ्या काठांची होती. न लढणाऱ्यांची पांढरी, काळ्या काठांची. रंगांची ही काटकसर प्रशियन वृत्तीला साजेशीच. १९३९ मध्ये लाल रंग आला, उलटापालट मात्र टिकली : आयर्न क्रॉसच्या फितीचा मध्य लाल व काठ काळे, तर युद्धसेवा क्रॉसच्या फितीचा मध्य काळा व काठ लाल, दोहोंत पांढरे पट्टे. लाल रंग न टिपणाऱ्या जुन्या फिल्मवर दोन्ही फिती सारख्याच गडद उमटतात. मग छायाचित्रातील आजोबांचा गौरव शत्रूसमोरील शौर्याबद्दल झाला की पिछाडीच्या सेवेबद्दल, हे नातवंडांना त्या फितीवरून सांगता येत नाही.