हवेतला वर्ग

माध्यमांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न असतो : इलेक्ट्रॉनिक जनमाध्यम कशाला म्हणायचे? रेडिओ, दूरचित्रवाणी, इंटरनेट अशी यादी लिहून विद्यार्थी मोकळे होतात. हा विषय मी प्रथम वर्षाच्या मुलांना आधी फळ्यासमोर उभा राहून शिकवला आणि २०२० पासून बराचसा ऑनलाइन शिकवतो आहे. ऑनलाइन शिकवताना एक गंमत होते. ज्या यंत्राविषयी शिकायचे, तेच यंत्र हातात धरून मूल शिकत असते. रेडिओवरचा पाठ मोबाइलवर, दूरचित्रवाणीवरचा पाठ मोबाइलवर आणि परीक्षेची सूचनाही मोबाइलवरच. त्यामुळे अनेकांना वाटते की हा प्रकार अगदी नवा आहे, टाळेबंदीत जन्मला आणि आपल्या गळ्यात पडला. पण लहरींवरून भरणारा वर्ग आपल्याकडे चांगला जुना आहे आणि त्याचा एक मोठा धडा याच महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी घालून दिलेला आहे.

आपल्याकडच्या नियमित ध्वनिक्षेपणाची सुरुवात २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत झाली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी कंपनी होती. रेडिओ संच महाग, त्यावर परवान्याचे १० रुपये वेगळे, आणि केंद्राचा आवाज शहराबाहेर फारसा पोचत नसे. ऐकणारेच थोडे, मग पैसा यायचा कुठून? १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारने कारभार हाती घेतला. १९३६ मध्ये त्याचेच ऑल इंडिया रेडिओ असे नामकरण झाले. मुलांना मी हा इतिहास सांगतो तो सनावळी पाठ व्हावी म्हणून नव्हे. प्रक्षेपण करणारा आणि संच बाळगणारा यांच्यामधली दरी पहिल्या दिवसापासून होती, हे त्यांच्या लक्षात यावे म्हणून सांगतो.

ही दरी बुजवण्याचा एक प्रयत्न १९५६ मध्ये पुण्याच्या परिसरात झाला. आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे निवडली. कल्पना मुळात कॅनडातली. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत होती आणि वाचा, ऐका, बोला, करा अशा अर्थाचे त्यांचे ब्रीद होते. आपल्याकडे ती कल्पना मराठी बोलू लागली. गावोगाव साधारण २० जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, शेतीचा, आरोग्याचा, गावच्या कारभाराचा. असे दहा आठवड्यांत २० कार्यक्रम झाले. मंडळी संचाभोवती बसायची, कार्यक्रम ऐकायची आणि तो संपला की कोणी उठून जायचे नाही. ऐकलेल्यावर चर्चा व्हायची. चिटणीस ती टिपून घ्यायचा. शंका केंद्राकडे जायच्या आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमातून मिळायची.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. समाजशास्त्रज्ञ पॉल नॉइराथ यांनी तिचे नेतृत्व केले. ही पाहणी मी दरवर्षी शिकवतो, कारण तिची मांडणी सरळ आहे आणि निष्कर्ष आजही विचार करायला लावणारा आहे. गावे तीन प्रकारची घेतली होती. पहिल्या प्रकारात रेडिओही होता आणि मंडळही. दुसऱ्या प्रकारात रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. तिसऱ्यात दोन्ही नव्हते. प्रयोगाआधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारून त्यांची माहिती किती वाढली ते तपासले. मंडळ असलेल्या गावांत ती भरघोस वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र वाढ अगदी थोडी होती.

जरा थांबून याचा अर्थ लावून पाहा. आवाज तोच, कार्यक्रम तोच, भाषाही तीच. फरक होता तो ऐकून झाल्यावर चार माणसांनी एकत्र बसण्याचा आणि आपली शंका कोणीतरी ऐकणार आहे या भरवशाचा. संचाने माहिती पोचवली, पण ती गावाच्या डोक्यात रुजवली ती गावकऱ्यांच्या बोलण्याने.

दूरचित्रवाणी आली तेव्हा हा धडा काही प्रमाणात लक्षात राहिला. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले ते लोकांनी एकत्र बसून पाहण्यासाठी. १९६१ पासून दिल्लीच्या शाळांसाठी धडे दाखवले जाऊ लागले. पुढचा मोठा टप्पा ‘साइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपग्रह प्रयोगाचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताने वापरायला घेतला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोचवले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी, असे रोज चार तास. संचावर तारेच्या जाळीची मोठी छत्री बसवलेली असे. याच काळात ५० हजारांच्या आसपास प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यात दूरचित्रवाणीच्या जोडीला रेडिओ, छापील पुस्तिका, हाताने करायचे प्रयोग आणि प्रत्येक केंद्रावर एक मार्गदर्शक होता. उपग्रह आकाशात असला तरी शंका विचारायला समोर माणूस ठेवलेला होता.

महाविद्यालयांची पाळी १९८४ मध्ये आली. त्या वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवरून सुरू केला. लहान गावांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना चांगले शिक्षण मिळावे, हा हेतू. त्याचे काही कार्यक्रम पुणे विद्यापीठातल्या केंद्रातही तयार होत. हेतू उत्तम आणि कित्येक चित्रफिती आजही पाहाव्यात अशा. पण मी शिकत होतो त्या कॉलेजात दूरचित्रवाणी संच कपाटात असे आणि किल्ली कारकुनाच्या खिशात. कार्यक्रम दुपारी, तेव्हा आमचे तास चालू. भाषा इंग्रजी. कोणी पाहिलाच तर त्यावर बोलायला सोबत कोणी नसे. पुण्याजवळच्या खेड्यांनी जे दाखवून दिले होते, ते २८ वर्षांनी आमच्या कॉलेजपर्यंत पोचलेले नव्हते.

मुक्त विद्यापीठांनी मात्र ही गोष्ट ओळखली होती. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात १९७१ मध्ये शिकवणे सुरू झाले तेव्हा बीबीसीवरची व्याख्याने सर्वांच्या डोळ्यांत भरली. पण तो डोलारा उभा होता तो टपालाने येणारे स्वाध्याय तपासून परत पाठवणाऱ्या शिक्षकांवर आणि गावोगावच्या अभ्यासकेंद्रांवर. आपल्याकडे १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्यांनीही अभ्यासकेंद्राला महत्त्व दिले. नोकरी करून, घर सांभाळून पदवी घेतलेल्या माणसांना विचारा. त्यांना केंद्रावर भेटलेले सोबती आधी आठवतात आणि ध्वनिफिती नंतर.

आता आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाकडे या. ‘स्वयम’ हे सरकारी व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. तिथल्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा घेण्याचे प्रश्न आणि चर्चा. आखणी करणाऱ्यांनी चर्चेला जागा दिली आहे, हे मोलाचे आहे. पण माझा अनुभव असा की, चौघांपैकी हा भाग सर्वांत ओस. चित्रफीत पाहिली जाते, बहुपर्यायी प्रश्न सोडवले जातात, प्रमाणपत्र मिळते. चर्चेच्या जागी ‘धन्यवाद सर’ एवढेच लिहिलेले असते. म्हणजे १९५६ च्या पाहणीतला दुसऱ्या प्रकारचा गाव, रेडिओ आहे पण मंडळ नाही.

एका वर्षी मी स्वाध्याय दिला होता, घरातल्या वडीलधाऱ्यांना रेडिओविषयी विचारा आणि लिहून आणा. बहुतेकांनी पानभर आठवणी आणल्या. एका मुलीचा स्वाध्याय वेगळा होता. घरात मोबाइल एकच, तोही भावाबरोबर वाटून घ्यायचा. म्हणून ती संध्याकाळी स्वयंपाकघरात आवाज मोठा करून माझे पाठ ऐकायची. भाकरी थापता थापता आई मध्येच विचारायची, “पण बातमी कोणती सांगायची हे ठरवतं कोण?” आजी म्हणायची, “पूर्वी आमच्यात रेडिओ पाटलांच्या घरी होता, आम्ही बाया ओट्याखाली बसून ऐकायचो.” मुलीने हे प्रश्न आणि ही उत्तरे जशीच्या तशी उतरवली होती. माध्यमाची मालकी, संचाची मालकी, कोणाला कुठे बसायची मुभा, सारा अभ्यासक्रम त्या चार पानांत आला होता. तिला वेगळी खोली आणि वेगळा मोबाइल मिळायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. अडचणीचे कौतुक करू नये. पण त्या स्वयंपाकघरात नकळत एक मंडळ भरले होते, हेही खरे.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. मुले तो परीक्षेत बिनचूक लिहितात. पण मालमत्ता सार्वजनिक असेल, तर तिच्यावरून आलेल्या गोष्टीविषयी उलट विचारण्याची सवयही सार्वजनिक असली पाहिजे. ती एकट्याने कानात बोंडे घालून लागत नाही.

म्हणून अलीकडे मी अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच एक सूचना करतो. एकाच गावातले, एकाच पेठेतले चार-पाच जण असाल तर आठवड्यातून एकदा एकत्र बसा. ग्रंथालयात बसा, देवळाच्या पारावर बसा, कोणाच्या ओसरीवर बसा. पाठ एकाच मोबाइलवर ऐका, बंद करा आणि अर्धा तास बोला. एकाने चिटणीस व्हावे आणि शंका मला पाठवाव्यात. पुढच्या पाठाची सुरुवात मी त्या शंकांनी करतो. यात नवीन काहीच नाही. पुण्याच्या आसपासच्या गावांत हे १९५६ मध्ये होऊन गेले आहे आणि तेव्हा संच गावात एकच होता.