एकास सत्त्याऐंशी : टेबलावरचा बोरघाट

विषय वाचून काहींना वाटलं असेल, सर निवृत्त झाले आणि खेळण्यांत रमले. रमलोच आहे. वर्गात मी ‘प्रमाण’ हा शब्द आयुष्यभर ‘ज्ञानाचं साधन’ या अर्थाने फळ्यावर लिहिला. त्याचा दुसरा, सुताराच्या टेपवरचा अर्थ मला आगगाडीच्या मॉडेलने शिकवला.

आधी खरा घाट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्या आराखड्याप्रमाणे बांधलेला बोरघाट १८६३ साली सुरू झाला. बर्कली स्वतः आदल्या वर्षीच वारला होता. चढाची लांबी सुमारे १५.८५ मैल, उंची १८३१ फूट. म्हणजे सरासरी ४६ फुटांना एक फूट, आणि जिथे सर्वांत तीव्र तिथे ३७ फुटांना एक. मधे डोंगराने वळायला जागाच दिली नाही, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी तिथे थांबायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ. आल्प्समध्ये गोटहार्डवाल्यांनी १८८२ साली दुसरी युक्ती केली. डोंगराच्या पोटातच बोगदा गोल फिरवला, मळसूत्रासारखा. मॉडेलवाले ज्याला हेलिक्स म्हणतात तो हाच.

आता हे घरात आणायचं. एच-ओ म्हणजे ‘हाफ ओ’. ‘ओ’ मापात एका फुटाला ७ मिलिमीटर, त्याच्या निम्मे साडेतीन. ३०४.८ भागिले ३.५, उत्तर ८७.१. या हिशेबाने युरोपचा १४३५ मिमी गेज १६.५ मिमी होतो. इंग्लंडमध्ये मात्र पंचाईत झाली. त्यांची इंजिनं मुळातच अंगाने बारीक, त्या काळच्या मोटरी आत मावेनात. मग त्यांनी इंजिनाचं अंग फुटाला ४ मिमी केलं आणि रूळ तेच १६.५ ठेवले. म्हणजे ४ फूट साडेआठ इंचांचा रूळ ४ फूट दीड इंच झाला. सात इंच गेले कुठे? १९६०च्या दशकात काही हट्टी मंडळींनी १८.८३ मिमीचे रूळ आणि चाकं स्वतः बनवायला घेतली. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण माझे रूळ १६.५चेच आहेत. खरं तर आपला १६७६ मिमीचा ब्रॉडगेज एच-ओमध्ये १९.२ मिमी हवा. तेव्हा माझ्या भारतीय इंजिनाची चाकं जरा जवळ जवळ आहेत. चालायचंच!

इथे गंमत बघा. लांबी ८७ने भागली जाते, उंचीही ८७ने भागली जाते, पण चढ भागला जात नाही. ते गुणोत्तर आहे. ३७ला एक हा टेबलावरही ३७ला एकच. फक्त जागा लागते. अख्खा बोरघाट प्रमाणात केला तर ९६२ फूट लांब आणि २१ फूट उंच. माझी खोली दहा फुटी.

म्हणून हेलिक्स. त्रिज्या ६० सेंटिमीटर घेतली, तर परीघ ३७७. दोन मजल्यांत १० सेंटिमीटर अंतर हवं, म्हणजे गाडी, प्लायची जाडी आणि रुळावरून पडलेला डबा उचलायला बोटं, असं सगळं मावतं. ३७७ला १०, म्हणजे जवळजवळ ३७ला एक. हे उत्तर आलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. बर्कलीचा चढ माझ्या प्लायवर!

आणि तिथेच फसलो. सरळ फळीवर त्याच चढाला सात डबे ओढणारं इंजिन हेलिक्सच्या पहिल्याच फेऱ्यात जागेवर चाकं फिरवत बसलं. कारण वळण. ६० सेंटिमीटर गुणिले ८७ म्हणजे ५२ मीटर. आपल्या ब्रॉडगेजला १७५ मीटरपेक्षा तीव्र वळण चालत नाही. स्वित्झर्लंडमधल्या ब्रुसिओचा तो प्रसिद्ध गोल पूल मीटरगेजचा, तरी त्याची त्रिज्या ७० मीटर आहे. वळणावर चाकाची कड रुळाला घासते आणि ते घर्षण चढासारखंच ओढ खातं. खरी रेल्वे हे जाणते. वळणाच्या दर अंशामागे ब्रॉडगेजवर चढ ०.०४ टक्के कमी करतात. मॉडेलवाल्यांत जॉन अ‍ॅलन या अमेरिकन छांदिष्टाच्या नावाने एक ठोकताळा चालतो : ३२ला इंचांतल्या त्रिज्येने भागा, तेवढे टक्के चढात मिळवा. माझी त्रिज्या साडेतेवीस इंच, म्हणजे सुमारे १.३६ टक्के. मूळचे २.६५ मिळून चार टक्के. पंचवीसला एक! कागदावर ३७, इंजिनाच्या पायाखाली २५.

त्रिज्या वाढवायची तर दार उघडत नाही आणि घरात माझ्याखेरीजही माणसं राहतात. शेवटी डबे चारवर आणले, आणि पाच न्यायचे असतील तेव्हा मागून दुसरं इंजिन लावतो. कर्जतला गाडी थांबते तेव्हा मागे बँकर लागतात ना, अगदी तसंच.