बसा की!

आमच्या बेळगावात कापडाच्या दुकानाची पायरी चढलं की पहिला शब्द कानावर येतो तो भावाचा नसतो, मालाचाही नसतो. "या की वैनी, बसा की!" दुकानदार कानडी असला तर "बर्री, कुंद्री." काय पाहिजे, किती पाहिजे, हे सगळं नंतर. पन्नास वर्षं मी हा शब्द ऐकत आले आहे आणि प्रत्येक वेळी मुकाट बसत आले आहे. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाच्या खरेदीत असं काही घडलं की या 'बसा'चा इतिहास धुंडाळावासा वाटला. कोण कोणाला बसा म्हणत होतं, आणि त्या वेळी उभं कोण होतं?

मला आठवणारं सगळ्यात जुनं दुकान खडेबाजारातलं, गादीचं. धाकट्या आत्याचा बस्ता बांधायला गेलो तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. बस्ता म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. आजी, दोन्ही काकू, आत्या, आई, व्याह्यांकडच्या दोघी, आणि भाव करायला आजोबा. चपला पायरीखाली काढायच्या. वर पांढरीशुभ्र चादर घातलेली लांबच लांब गादी, भिंतीला लोड. मालक दाराजवळ गल्ल्यापाशी, आणि आमच्यासमोर मांडी घालून साड्या दाखवणारे मामा. ते मामा कोणाचेच मामा नव्हते, दुकानातले कामगार होते. पण आजीपासून माझ्यापर्यंत सगळ्या त्यांना मामाच म्हणत. मागच्या कप्प्यातून एक पोरगा साड्या खाली टाकी, मामा त्या झरकन उलगडत, आणि पदर कसा दिसतो हे दाखवायला तो स्वतःच्या खांद्यावर घेत. मिशीवाल्या माणसाच्या खांद्यावर मोरपंखी पदर पाहून मला हसू फुटलं आणि आईनं चिमटा काढला.

गादीची शिस्त होती. साडीला पाय लागू द्यायचा नाही, लागला तर हात लावून नमस्कार करायचा. साडी ओलांडायची नाही. घ्यायचं नसेल तर भाव विचारायचा नाही, आणि आपण मागितलेला भाव दुकानदारानं कबूल केला तर मग "बघून येतो" म्हणून उठायचं नाही. आईच्या लेखी हे खोटं बोलण्यासारखंच होतं. दुकानदारानंही पाळायच्या गोष्टी होत्या. 'नाही' म्हणायचं नाही, "परवा येईल" म्हणायचं. दुकान 'बंद' करायचं नाही, 'वाढवायचं'. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आमच्याकडं कानडीच्या शेजारानं बोणी. त्या गिऱ्हाइकाला सहसा विन्मुख पाठवायचं नाही. धान्याच्या दुकानात मापं मोजताना 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत आणि पुढं दोन, तीन. माप भरून झाल्यावर वर टाकलेल्या मुठीला कानडीत कोसरु म्हणतात. त्या मुठीवरून आजी दुकानाची परीक्षा करी.

त्या गादीवरची एक गोष्ट मात्र मी तेव्हा पाहिली आणि तिचा अर्थ चाळीस वर्षांनी लागला. ऊन उतरलं तसं मालकांनी गल्ल्यावरून हाक दिली, "अक्का, तुमची जेवणाची वेळ होत आली. शालू तेवढा उद्या बघूया." मालक जैन नव्हते. पण आम्ही दिवस बुडाल्यावर जेवत नाही, आजी बाहेरचं न गाळलेलं पाणी पीत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, आणि हजारांची विक्री त्यांनी दुसऱ्या दिवसावर ढकलली. निघताना आत्याला हळदीकुंकू लावून खण दिला. आजोबांनी मामांच्या हातावर काही ठेवलं, गठ्ठा बांधणाऱ्या पोराला वेगळं दिलं.

आता हे सगळं फार गोड वाटतं, पण ते तसं नव्हतं. तो पोरगा सकाळी दुकान झाडायला येई आणि रात्री दुकान वाढवून त्याच गादीवर निजे. मामांची कंबर धरलेली असे. आणि पायरीखाली उभं राहूनच लुगडं घेऊन जाणारी गिऱ्हाइकंही होती. त्यांना 'बसा' कोणी म्हणत नव्हतं, आणि का म्हणत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही एवढं खरं की गादीवर विकणारा आणि घेणारा गुडघ्याला गुडघा लावून, एका पातळीवर बसलेले असत. त्याच्या पायाला कळ लागली तर तो मांडी बदलू शके.

त्याच्याही आधी, आजीच्या सासुरवाशीणपणात, घरंदाज बायका दुकानात जातच नसत. दुकानच घरी येई. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं, 1948 साली संस्थान विलीन होईपर्यंत. तिथले विणकर खांद्यावर लुगड्यांचं गाठोडं टाकून सोप्यावर येत. आणि कासार येई. बाजाराच्या साऱ्या व्यवहारात कासाराचा मान वेगळाच. परक्या पुरुषापुढं पदर न ढळू देणारी बाई त्याच्या हातात आपला हात देई. तो बसलेला, ती बसलेली. बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. भरताना वाढवली तर नुकसान त्याचं. सगळ्या भरून झाल्या की बाई, मग ती त्याच्या आईच्या वयाची का असेना, त्याला वाकून नमस्कार करी, आणि तो तोंडभरून आशीर्वाद देई. पैसे मोजून घेतलेल्या मालासाठी गिऱ्हाइकानं विकणाऱ्याला नमस्कार करायचा! आज कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

गादी गेली आणि काउंटर आलं, ते साधारण माझ्या लग्नाच्या सुमारास, नव्वदीच्या सुरुवातीला. सगळीकडं एकदम नाही. काही दुकानांत गादी अजूनही आहे. काउंटरबरोबर गिऱ्हाइकासाठी गोल स्टुलं आली, पंखे आले, आणि दाखवणाऱ्या मुली आल्या. मुली आल्या याचं आम्हा बायकांना केवढं सुख झालं! आतले कपडे पुरुषाकडं मागताना जीव अर्धा व्हायचा. "तो बॉक्स द्या, तो नको, त्याच्या शेजारचा" असं बोटानं दाखवत खरेदी चालायची. ते संपलं. पण त्या सुखात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. काउंटरच्या अलीकडं स्टूल होतं. पलीकडं नव्हतं.

लक्षात आणून देणाऱ्या बायका दुसरीकडं झाल्या, आणि फार पूर्वी झाल्या. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठमोठ्या कापड दुकानांतून हजारो मुली दिवसभर उभ्या असत. मार्गारेट बाँडफील्ड त्यातलीच एक. 14व्या वर्षी ती दुकानात उमेदवारीला लागली. पुढं बायकांच्या एका संस्थेसाठी तिनं दोन वर्षं निरनिराळ्या दुकानांत नोकऱ्या धरून आतल्या हालांची गुपचूप टिपणं केली. हीच मार्गारेट 1929 साली ब्रिटनच्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री मंत्री झाली, आणि खातं मिळालं ते कामगारांचं. तिथं 1899 साली एक छोटासा कायदा झाला: दुकानात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागं निदान एक बैठक असली पाहिजे. तिघींत एक! बाकीच्या दोघींनी काय करायचं, ते कायद्यानं सांगितलं नाही. पुरुषांचं तर नावच नाही. तरी बसणं ही मालकाची मेहेरबानी नसून हक्काची गोष्ट आहे, हे एकदा कागदावर आलं. (त्याच 1899 साली आमच्या निपाणीजवळ स्तवनिधीला जैन सभा स्थापन झाली, आजची दक्षिण भारत जैन सभा. मुलींच्या शिक्षणाची आमच्याकडं जी काही वाट निघाली, तीत सभेचा वाटा मोठा. म्हणून हे साल मला न पाहता आठवतं.)

आपल्याकडं दुकानांचा पहिला कायदा मुंबई प्रांतानं केला, 1939 साली. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतातच. 1956च्या नोव्हेंबरात आम्ही म्हैसूर राज्यात गेलो आणि 1961 साली त्या राज्याचा स्वतःचा दुकान कायदा आला. दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आठवड्याची सुट्टी. वेळेचा हिशेब झाला, पायांचा नाही.

पायांचा हिशेब मागितला तो केरळातल्या बायकांनी. कोळिकोडच्या मिठाई गल्लीत दुकानंच दुकानं आहेत. तिथल्या कामगार बायकांना दिवसभर बसायला मनाई, आणि संडास-मुताऱ्यांची सोय नाही. म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नसत. पी. विजी ही शिवणकाम करणारी बाई. तिनं 'पेणकूट्टू', म्हणजे बायकांची संगत, अशी संघटना उभी केली. आधी मुताऱ्यांसाठी भांडल्या, मग बसण्यासाठी. त्रिशूरलाही कापड दुकानातल्या काही जणी महिनोन् महिने दुकानाबाहेर बसून राहिल्या. आत बसू देत नाहीत म्हणून बाहेर! 2018 साली केरळनं कायद्यात दुरुस्ती करून दुकानात बसण्याचा हक्क दिला. 2021 साली तामिळनाडूनंही दिला. हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, आणि 'काय बाई त्या दुकानदारांची तऱ्हा' असं म्हणून पान उलटलं होतं. त्या दुकानात काउंटरच्या अलीकडं आपल्यासारखीच कोणीतरी स्टुलावर बसलेली असणार, हे मनात आलं नाही.

आता भाचीच्या बस्त्याचं. डिसेंबर महिना, मोठं तीन मजली दुकान. दुपारी तीनला आम्ही सहाजणी बसलो. समोर विशीतली एक मुलगी. तिनं किती साड्या काढल्या असतील देव जाणे. आम्हाला रंग पसंत पडला तर काठ पडेना. "ए, तो वरच्या कप्प्यातला दाखव. तो नव्हे गं, शेंदरी." मी तिला 'ए' म्हणत होते. मामांना मामा म्हणणारी मी! साडेपाचच्या सुमारास ती हळूच म्हणाली, "वैनी, दहा मिनिटांत येऊ का? तोवर हिला दाखवायला सांगते." मी म्हणाले, "आता एवढं उलगडून ठेवलंयस, संपवूनच जा की." ती थांबली. पुढं तासभर थांबली. आमच्या घड्या घालत राहिली.

बिल करताना शेजारची मुलगी तिला कानडीत म्हणाली, "आता काय, सकाळपर्यंत उपास." मी विचारलं. ती सांगेना, दुसरीनं सांगितलं. ही चिकोडीकडची, जैनाची पोर. दिवस बुडायच्या आत डबा खायचा, म्हणून रोज साडेपाचला दहा मिनिटं सुट्टी मागून घेते. आज राहिला. "असू दे की ओ वैनी," ती म्हणाली, "दिवस बुडला आता." पाणीसुद्धा ती उद्या सूर्य उगवल्यावरच पिणार होती. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती. चार तास माझ्या डोळ्यांसमोर होती. आमच्या बस्तीतल्या देवीचं नाव होतं ते. वाचलं असतं तर कळलं असतं.

माझी जाऊ म्हणाली, तुला काय ठाऊक, आणि ती तरी बोलली का नाही. पण ती बोलली होती. दुकानात शिकवलेल्या भाषेत जेवढं बोलता येतं तेवढं बोलली होती.

दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा अध्याय, व्रतांचा आणि व्रतांच्या अतिचारांचा. अहिंसेचे पाच अतिचार: बांधणं, मारणं, अवयव कापणं, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शेवटचे दोन म्हणजे पेलवणार नाही एवढा भार घालणं, आणि वेळेला अन्नपाणी मिळू न देणं. लहानपणापासून ऐकत आले आणि दर वेळी डोळ्यांपुढं बैल यायचे. पंडितजीही बैलांचंच उदाहरण द्यायचे. अचौर्याच्या अतिचारांत खोटी वजनं-मापं आहेत, भेसळ आहे. ते दुकानदारांसाठी, असं आम्ही बायका धरून चालायचो. गिऱ्हाइकासाठी काही आहे, हे मी कधी शोधलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट अवघड आहे, पण लिहिते. ती पोर जैन निघाली म्हणून मला त्या रात्री झोप आली नाही. ती मराठ्याची, लिंगायताची, मुसलमानाची असती तर साडेपाचची भूक काय कमी असती? पण मग मला कळलंच नसतं, आणि कळलं असतं तरी मी कदाचित "अगं, घरी जाऊन जेव" म्हणाले असते. गादीवरचे मालक जैन नव्हते, आणि त्यांनी आम्हाला उठवलं होतं.

पंधरा दिवसांनी फॉल-पिको केलेल्या साड्या आणायला गेले, मुद्दाम सकाळी. ती त्याच काउंटरला होती. मी तिच्या नावानं हाक मारली, तर ती आधी दचकली, मग हसली. "बसा की वैनी," म्हणाली. तिच्या मागच्या बाजूला, साड्यांच्या खोक्यांआड एक प्लास्टिकचं स्टूल दिसत होतं. मी म्हणाले, "तूही बस की गं. घड्या बसून घालता येतील." तिनं मॅनेजरच्या काचेच्या खोलीकडं पाहिलं, आणि म्हणाली, "असू दे वैनी, सवय आहे." मी उभ्यानंच साड्या मोजून घेतल्या.