क्योटोतील चेरीबहर

क्योटोतील चेरीबहर : जपानमधील क्योटो परिसरातील चेरीची झाडे (साकुरा) पूर्ण फुलण्याच्या तारखांची सुमारे १२०० वर्षांची नोंद. तापमानवाढीने ऋतूंचे वेळापत्रक कसे सरकते, याच्या सर्वांत दीर्घ पुराव्यांत तिची गणना होते.

सर्वांत जुनी नोंद इ. स. ८१२ ची आहे. सम्राट, दरबारी व भिक्षू यांच्या रोजनिशींत फुलोत्सवांचे उल्लेख आढळतात. ओसाका येथील संशोधक यासुयुकी आओनो यांनी ते धुंडाळून तारखा आजच्या दिनदर्शिकेनुसार बसवल्या व त्यांवरून त्या त्या काळातील मार्चच्या तापमानाचा अंदाज बांधला. एकोणिसाव्या शतकात बहर साधारणतः एप्रिलच्या मध्यावर येई. २०२१ मध्ये तो २६ मार्चलाच आला. त्यापूर्वीची सर्वांत लवकरची तारीख २७ मार्च १४०९ ही होती.

कळ्या हिवाळ्यात सुप्तावस्थेत असतात. पुरेशी थंडी मिळाली की ही सुप्तावस्था मोडते व पुढे साठत जाणाऱ्या उबेनुसार फुले उमलतात. त्यामुळे वसंत उबदार झाल्यास बहर अलीकडे येतो. हिवाळा फारच सौम्य झाल्यास मात्र बहर लांबू शकतो. क्योटोत शहरीकरणाने वाढलेल्या उष्णतेचाही वाटा आहे.

क्योटोप्रमाणे इतर समशीतोष्ण प्रदेशांतही वसंत लवकर सुरू होतो; शरदही लांबल्याने वनस्पतींच्या वाढीचा हंगाम लांबतो. हा लाभ निर्भेळ नसतो. फ्रान्समध्ये मार्च २०२१ अखेरच्या उबेने द्राक्षवेलींना कोंब फुटले आणि एप्रिलच्या हिमतुषारांत ते करपून गेले.