डीऑक्सिग्लुकोज प्रतिमादर्शन : प्राण्यांकडून मानवाकडे

शरीराच्या, विशेषतः मेंदूच्या, निरनिराळ्या भागांत ग्लुकोज किती वेगाने वापरले जाते हे प्रतिमारूपाने दाखविणारी व मोजणारी पद्धती. ती प्रथम प्रयोगशाळेतील प्राण्यांवर सिद्ध झाली व १९७६ मध्ये मानवावर वापरण्यात आली. हे संक्रमण एकाच संस्थेच्या बळावर होणे शक्य नव्हते. त्यासाठी लागणारे ज्ञान, रसायन व यंत्र अमेरिकेत तीन वेगवेगळ्या ठिकाणी होते.

सेमूर केटी व कार्ल श्मिट यांनी १९४० नंतरच्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नायट्रस ऑक्साइड वायूच्या साहाय्याने मानवी मेंदूतील रक्तप्रवाह मोजला होता. परंतु या पद्धतीने सबंध मेंदूची सरासरीच मिळे. केटी यांचे सहकारी लुई सोकोलॉफ यांनी १९५५ मध्ये मनातल्या मनात गणिते करणाऱ्या व्यक्तींची अशी मापने प्रसिद्ध केली, तेव्हा विश्रांतीच्या स्थितीहून काहीच फरक आढळला नाही. मेंदू विचार करताना काम करीत नाही असा याचा अर्थ नव्हता. सरासरीत स्थानिक फरक बुडून जात होते, एवढेच.

सोकोलॉफ यांनी पुढे बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत डीऑक्सिग्लुकोज या ग्लुकोजसदृश संयुगाचा उपयोग केला. त्याच्या दुसऱ्या कार्बन अणूशी ऑक्सिजन नसतो. पेशी ते ग्लुकोजप्रमाणेच आत घेते, हेक्सोकायनेज या एंझाइमामुळे त्याला फॉस्फेट गट जोडला जातो. पण पुढील विक्रिया होत नाहीत व ते पेशीतच अडकून पडते. कार्बन-१४ ने अंकित केलेले हे संयुग टोचून सु. ४५ मिनिटांनी प्राण्यास मारीत, गोठविलेल्या मेंदूचे सु. २० मायक्रॉन जाडीचे छेद घेऊन ते क्ष-किरण फिल्मवर ठेवीत. माकडाचा एक डोळा झाकला असता दृष्टिबाह्यकात एकाआड एक पट्टे उमटलेले दिसले. प्रतिमा अत्यंत बोलक्या होत्या. मात्र त्या मिळविण्यासाठी प्राणी मारावा लागे. शिवाय कार्बन-१४ चे बीटा कण कवटीबाहेर पोहोचू शकत नाहीत.

१९७३ च्या अखेरीपासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मार्टिन राइव्हिच, डेव्हिड कूल व अबास अलावी, तसेच सोकोलॉफ आणि लाँग आयलंडवरील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील आल्फ्रेड वुल्फ यांच्यात विचारविनिमय सुरू झाला. फ्ल्युओरीन-१८ हा पॉझिट्रॉन उत्सर्जित करणारा समस्थानिक निवडण्यात आला. त्यामुळे निर्माण होणारे गॅमा किरण शरीराबाहेर टिपता येतात. तात्सुओ इडो, जोअ‍ॅना फाउलर व वुल्फ यांच्या गटाने ब्रुकहेवन येथे सायक्लोट्रॉनच्या साहाय्याने फ्ल्युओरोडीऑक्सिग्लुकोज तयार केले. उत्पादन अल्प मिळे आणि समस्थानिकाचे अर्धायुष्य (क्रियाशीलता निम्मी होण्यास लागणारा काळ) सु. ११० मिनिटे. कूल यांनी उभारलेले मार्क-४ हे क्रमवीक्षण यंत्र मात्र फिलाडेल्फियात होते. म्हणून ऑगस्ट १९७६ मध्ये द्रव्य लहान विमानाने तेथे नेण्यात आले व दोन निरोगी स्वयंसेवकांना टोचण्यात आले. मार्क-४ मुळात पॉझिट्रॉनसाठी बनविलेले नव्हते. तरीही मानवी मेंदूतील ग्लुकोज वापराच्या पहिल्या प्रतिमा त्यावर मिळाल्या. हे काम १९७९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले.

प्रतिमा मिळाल्या म्हणजे मापन सिद्ध झाले असे नव्हे. ग्लुकोज व त्याचा हा प्रतिनिधी यांच्या वापरातील फरक भरून काढण्यासाठी सोकोलॉफ यांच्या समीकरणात एक स्थिरांक घ्यावा लागतो. उंदरांत कार्बन-१४ युक्त संयुगासाठी तो सु. ०·४८ होता. मानवासाठी आरंभी सु. ०·४२ धरण्यात आला, तर पुढील मापनांत तो याहून बराच अधिक आढळला. प्राण्यांवरील आकडा माणसास सरसकट लावता येत नाही याचे हे ठळक उदाहरण होय.

१९८२ मध्ये जोव्हानी दी कीरो व सहकाऱ्यांनी मेंदूतील अर्बुदांच्या तीव्रतेचा ग्लुकोज वापराशी असलेला संबंध दाखविला आणि पद्धतीस कर्करोगचिकित्सेत स्थान मिळू लागले. जर्मनीतील यूलिख येथे १९८६ मध्ये अधिक उत्पादन देणारी कृती निघाल्याने पुरवठा सुकर झाला. १९९० नंतरच्या दशकात लॉस अँजेल्स येथे लहान प्राण्यांसाठी पॉझिट्रॉन क्रमवीक्षक विकसित झाला व एकाच जिवंत उंदराचे पुनःपुन्हा निरीक्षण करता येऊ लागले. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळ येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, कार्यान्वित झाले व तेथील द्रव्य शहरातील अन्य रुग्णालयांनाही पुरविले जाऊ लागले.