अर्जुनसालीची परीक्षा

अर्जुनाची साल हे हृदयरोगावरील औषध म्हणून आयुर्वेदात प्रारंभापासून मान्य होते, असा समज रूढ असला तरी चरकसंहितेतून त्याला दुजोरा मिळत नाही. हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांचा जो गण त्या ग्रंथात सांगितला आहे, त्यात आंबा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग अशी बहुतांशी आंबट फळे येतात. अर्जुन मात्र उदर्द, म्हणजे अंगावर पित्तासारख्या उठणाऱ्या गांधी, शमवणाऱ्या द्रव्यांत मोडतो. हृद्रोगाशी त्याचा संबंध पुढच्या ग्रंथकारांनी दृढ केला आणि अकराव्या शतकात बंगालमधील चक्रपाणिदत्ताने ही साल तूप, दूध किंवा गुळाच्या पाण्याबरोबर देण्याचा प्रयोग सांगितला. क्षीरपाकाच्या शास्त्रोक्त कृतीत औषधाच्या आठपट दूध व बत्तीसपट पाणी घालून, पाणी आटून केवळ दूध उरेपर्यंत ते मंद आचेवर उकळतात, आणि अर्जुनाचा क्षीरपाक वैद्य आजही याच रीतीने करवून घेतात.

नदीकाठी वाढणारा, बाहेरून गुळगुळीत करडा आणि आतून लालसर सालीचा हा वृक्ष महाराष्ट्रात अर्जुन किंवा अर्जुनसादडा या नावांनी ओळखला जातो, आणि त्याच्या आधुनिक परीक्षेत मुंबईचा वाटा मोठा आहे. मराठी कवी म्हणूनही परिचित असलेले वनस्पतिज्ञ डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी बी. डी. बसू यांच्यासह भारतीय औषधी वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ सिद्ध केला, त्याची १९३३ची विस्तारित आवृत्ती ब्लॅटर, केयस आणि म्हसकर यांनी तयार केली. यांपैकी फादर केयस व डॉ. म्हसकर यांनी आयझॅक्स यांच्यासह अर्जुनाच्या कुळातील भारतात सामान्यपणे आढळणाऱ्या वृक्षांच्या साली एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि ते काम १९३० मध्ये प्रसिद्ध केले. त्याच सुमारास कलकत्त्यात रामनाथ चोप्रा व घोष हेही अर्जुनाचे रसायन तपासत होते; त्यांना टॅनिन आणि कॅल्शियमचे क्षार भरपूर सापडले, परंतु डिजिटॅलिससारखे हृदयावर थेट काम करणारे ग्लायकोसाइड सापडले नाही. म्हसकर आणि केयस यांची वृत्ती विशेष उल्लेखनीय आहे, कारण सर्पदंशावरील देशी वनस्पतींची परीक्षा घेऊन त्यांपैकी एकही उपयोगी ठरत नाही, हा अप्रिय निष्कर्षही त्यांनी १९३१ मध्ये निःसंकोचपणे मांडला होता. देशी औषधांविषयीची खरी आस्था अशीच असावी लागते.

या सालीपुढे नवा प्रश्न उभा राहिला तो इटलीतून आलेल्या एका औषधामुळे. दक्षिण इटलीत कास्तेल देल मोन्ते या किल्ल्याजवळच्या मातीतील जिवाणूपासून मिलानच्या फार्मितालिया कंपनीने प्रथम डॉनोरुबिसिन आणि नंतर, त्या जिवाणूच्या बदललेल्या वाणापासून, डॉक्सोरुबिसिन हे तांबडे कर्करोगविरोधी द्रव्य मिळवले. ते अनेक कर्करोगांवर गुणकारी ठरले, पण काही रुग्णांचे हृदय त्यामुळे निकामी होऊ लागले. एकूण मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की धोका झपाट्याने वाढतो, हे १९७३ मध्ये स्पष्ट झाले. औषध व लोह यांच्या संयोगातून उत्पन्न होणारे मुक्त मूलक, म्हणजे पेशींची नासधूस करणारे अतिक्रियाशील कण, हे या हानीचे प्रमुख कारण मानले गेले. आणि कारण हे असेल, तर या कणांना निष्प्रभ करणाऱ्या टॅनिन व फ्लेव्होनॉइड द्रव्यांनी समृद्ध अशी अर्जुनाची साल उपयोगी पडावी, हा तर्क ओघानेच आला.

प्रयोगांची रीत ठरून गेली. उंदरांना काही दिवस अर्क पाजायचा, मग डॉक्सोरुबिसिन टोचायचे, आणि रक्तात पाझरलेली हृदयस्नायूंची विकरे मोजून व हृदयाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, अर्क न मिळालेल्या उंदरांशी तुलना करायची. आयसोप्रोटेरेनॉलच्या मोठ्या मात्रेने उंदरांच्या हृदयाला इजा करण्याची पद्धत १९५९ पासून उपलब्ध होतीच, आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने अर्जुन त्याही कसोटीवर लावला. दोन्ही प्रकारच्या प्रयोगांत अर्क दिलेल्या प्राण्यांची हृदये कमी जखमी झाली.

तथापि ई जीवनसत्त्वाचा इतिहास येथे डोळ्यांआड करता येत नाही. १९७७ मध्ये त्याने उंदरांना डॉक्सोरुबिसिनपासून वाचवले, आणि रुग्णांत मात्र ते असे संरक्षण देऊ शकले नाही. निरोगी उंदराला दिलेली एखादी मोठी मात्रा आणि कर्करोगाने खंगलेल्या माणसात महिनोन्‌महिने साचत जाणारे औषध या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय हृदयाचे रक्षण करणारे द्रव्य कर्करोगाच्या पेशींचेही रक्षण करीत नाही ना, ही शंका दूर झाल्याशिवाय कोणताही अर्क रुग्णाला देणे योग्य नव्हे. या कामासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली ती डेक्स्राझोक्सेन या लोह बांधून ठेवणाऱ्या कृत्रिम औषधाला.

हृदयाच्या इतर विकारांत अर्जुन माणसांवर तपासला गेला आहे. इंदूरच्या १२ रुग्णांवरील १९९५च्या अभ्यासाने आशा वाढवली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या मोठ्या चाचणीत मात्र १२ आठवड्यांनंतर हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता वाढलेली आढळली नाही. तेव्हा केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांनी अर्जुनाचे चूर्ण किंवा काढा आपल्या कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय सुरू करू नये, आणि संशोधकांनी उंदरांवरचा तोच प्रयोग पुन्हा करण्याऐवजी रुग्णांवरील शिस्तबद्ध चाचणी हाती घ्यावी.